अर्ध्या चेहऱ्याचा घाम

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावची यात्रा दोन वर्षांच्या खंडानंतर भरली. कोरोनात पालखी देवळाच्या आवारातच फिरवली होती, म्हणून त्या साली गुलालाची कसर माणसांनी भरून काढली. पालखीला खांदा देऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, दुपारी घरी आले, तेव्हा मी उंबऱ्यातच त्यांचा फोटो काढला. डावा गाल घामानं निथळत होता, गुलालाचा लाल चिखल ओघळून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. उजव्या गालावरचा गुलाल मात्र कोरडा, फुंकर मारली तर उडून जाईल असा. आई म्हणाली, "निम्म्याच तोंडाला ऊन लागलं व्हय तुमच्या?" आम्ही सगळे हसलो. पुढं तोच फोटो मी तीन डॉक्टरांना दाखवला.

मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अण्णांची दीड एकर द्राक्षबाग. तेव्हा त्यांचं वय ६३, आणि विशीपासून रोज एक बंडल बिडी. आमच्याकडं बिडी ओढणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. ती चहासारखी धरलेली असते.

खरं दुखणं सुरू झालं होतं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, फळछाटणीच्या दिवसांत. उजवा खांदा दुखायचा, म्हणजे खांद्यापेक्षा पाठीच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला. तिथून कळ काखेतून, दंडाच्या आतल्या अंगानं थेट करंगळीपर्यंत उतरायची. दिवसभर कात्री चालवून हात भरून आला असेल, असं त्यांनाही वाटलं आणि आम्हालाही. पण छाटणी संपली तरी कळ थांबेना. रात्री आडवं पडलं की वाढायची. अण्णा भिंतीला टेकून, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरून बसल्या बसल्या झोपायचे. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न झालं, त्यातही ते तसेच हात धरून उभे.

हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढला आणि 'फ्रोझन शोल्डर' सांगितलं. खांद्यात इंजेक्शन झालं, शेक झाला, व्यायाम झाले. मग करंगळीला मुंग्या येतात म्हटल्यावर मानेच्या मणक्यावर गेलं, पट्टा आला. सहा महिने असे गेले. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच आखडतो, दुसऱ्यानं उचलला तरी हात वर जात नाही. अण्णांचा हात तर वर जात होता, दुखत का असेना. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर! गावात मालिश करणारे, मंत्र घालणारे, सगळे होऊन गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांच्याकडं एक्स-रे बघायची काच होती, त्यांच्यावर मात्र अजूनही आहे.

यात्रेनंतर आईच्या लक्षात आलं की उजवी पापणी जरा खाली आलीय. अगदी जराशी, दोन मिलिमीटर फार तर. डोळा पेंगुळलेला दिसायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, वारं लागलं असेल. चुलत्यांना लकव्याची भीती वाटली, पण तोंड वाकडं नव्हतं, शीळ वाजवता येत होती, डोळा घट्ट मिटत होता. अण्णा म्हणाले, "मोतीबिंदू आला असंल. गाडीच्या दिव्यांचं रात्री सोसंना झालंय." म्हणून जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, आम्ही मोतीबिंदूसाठी मिरजेला एका नेत्ररुग्णालयात गेलो.

डोळ्यांच्या दवाखान्यात पद्धत ठरलेली असते. आधी अक्षरं वाचायला लावतात, मग डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकून बाकावर बसवतात, आणि डॉक्टरांची गाठ पडते ती अर्ध्या तासानं. थेंब घेऊन आलेली मुलगी अण्णांची मान मागं करणार, तेवढ्यात डॉक्टरबाई दुसऱ्या खोलीत जाता जाता थबकल्या. अण्णांकडं बघून म्हणाल्या, "यांना थेंब नको. आधी आत पाठव." थेंब पडले असते तर दोन्ही बाहुल्या फुगल्या असत्या आणि जे दिसायला हवं होतं ते पुसलं गेलं असतं. एका थेंबाचं अंतर होतं ते.

आत त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि छोट्या टॉर्चचा उजेड हनुवटीखालून तिरका धरला. मला जवळ बोलावलं. "शाळेत शिकवता ना? मग बघा. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. डावी झाली?" झाली होती. उजवी बारीकच होती. पाच-सात सेकंदांनी जराशी मोठी झाली, ओढून आणल्यासारखी. दिवा लावल्यावर दोन्हींतला फरक जवळजवळ दिसेनासा झाला. मी अण्णांच्या डोळ्यात आयुष्यभर बघत आले होते, आणि हे अंधारात बघायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी विचारलं, "काका, उजवा खांदा दुखतो का?"

खांद्याचा विषय आम्ही कुणीच काढला नव्हता. डोळ्याच्या डॉक्टरांना खांद्याचं कशाला सांगायचं? अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मीच सांगितलं असेल म्हणून. पुढचे प्रश्न आले: बिडी-सिगारेट? वजन उतरलंय? करंगळीला मुंग्या? चेहऱ्याला दोन्हीकडं घाम येतो का? या शेवटच्या प्रश्नावर मी काही न बोलता मोबाइल काढून गुलालाचा फोटो पुढं केला. त्या बराच वेळ तो मोठा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, याच्या आधीचे फोटो दाखवा. भावाच्या लग्नातल्या फोटोत दोन्ही डोळे सारखे होते. म्हणजे पापणी डिसेंबर आणि एप्रिलच्या मध्ये कधीतरी उतरली होती. जुन्या फोटोंवरून तारीख काढायची ही तपासणी फुकट असते, आणि मला वाटतं प्रत्येक घरात ती होऊ शकते.

खात्रीसाठी त्यांनी ॲप्राक्लोनिडिन नावाचे थेंब दोन्ही डोळ्यांत टाकले. एरवी ते डोळ्यातला दाब उतरवायला वापरतात. पाऊण तास बाहेर बसलो. अण्णा सहज म्हणून हात धुवायला बेसिनकडं गेले आणि तिथल्या आरशात बघून मला हाक मारली, "आगं पोरी, उघडला की डोळा!" खरंच पापणी वर गेली होती. उजवी बाहुली तर डावीपेक्षाही मोठी झाली होती. अण्णा इतके खूश झाले की आईला फोन लावून मोकळे झाले. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. निरोगी डोळ्यावर त्या थेंबांचा असा परिणाम होत नाही. नस तुटक झाली की तिच्या टोकाचे स्नायू औषधाला हपापल्यासारखे होतात, थोड्याशा थेंबानंही पापणी उचलली जाते. जे आम्हाला बरं झालेलं वाटलं, तोच आजाराचा पुरावा होता. औषधाचा अंमल उतरल्यावर संध्याकाळी एसटीत अण्णांची पापणी पुन्हा खाली आली, आणि त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

त्या दिवशी त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं ते असं. डोळ्याची बाहुली मोठी करणारी, पापणी किंचित उचलून धरणारी आणि चेहऱ्याला घाम आणणारी नस मेंदूतून सरळ डोळ्यात जात नाही. ती आधी मणक्यातून खाली छातीपर्यंत उतरते, तिथून बाहेर पडून फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकावरून वळसा घेते आणि मग मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या अंगानं परत वर डोळ्याकडं चढते. त्या वळशावर काही वाढलं की नस दबते: पापणी उतरते, बाहुली बारीक राहते, अर्धा चेहरा कोरडा पडतो. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. त्याच टोकाला हाताच्या नसांचा जुडगाही चिकटून जातो, म्हणून खांदा आणि करंगळी. अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ठिबकसारखं. शेवटच्या झाडाला पाणी येईना तर झाडाला बोल लावून काय उपेग? मागं नळी कुठं दबलीया ते बघायचं." डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच. आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती. पापणी उतरली म्हणजे कॅन्सरच असं नाही. वयानं पापणी सैल पडते, स्नायूंच्या आजारानं पडते, मधुमेहात नस बिघडूनही पडते. हॉर्नरचीही कारणं अनेक आहेत, मानेच्या शस्त्रक्रियेनंतर होतो, काहींना जन्मापासून असतो. पण अचानक मान दुखून पापणी उतरली, किंवा उतरलेल्या पापणीखालची बाहुली मोठी झाली, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा, कारण तिथं मानेतली किंवा मेंदूतली रक्तवाहिनी गुंतलेली असू शकते.

एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्यावर पांढरी टोपी घातल्यासारखी सावली होती. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या आड ती अशी लपते की घाईत नजरेतून सुटते. आणि आपल्याकडं फुफ्फुसाच्या शेंड्यावर सावली म्हटलं की पहिलं नाव टीबीचं येतं. एका डॉक्टरांनी तर थुंकीच्या तपासणीआधीच सहा महिन्यांचा कोर्स सुरू करू म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळ्यांनी टीबीच निघू दे म्हणून देव पाण्यात घातले होते. आईनं ज्योतिबाला नवस बोलला. टीबी व्हावा म्हणून नवस! पण टीबीला औषध आहे हे तिला माहीत होतं, तिच्या भावाचा बरा झाला होता. थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं, "औषध सुरू करून वाट बघू नका. सीटी स्कॅन करा, आणि आठवड्यात करा."

सीटीत पाच सेंटिमीटरची गाठ निघाली. दुसऱ्या बरगडीचा तुकडा तिनं खाल्ला होता. मग सुईनं तुकडा काढला. अण्णांना सीटीच्या मशीनमध्येच पालथं झोपवून, पाठीतून, पडद्यावर बघत बघत सुई घातली. फुफ्फुसाला भोक पडून हवा साठू शकते, म्हणून नंतर चार तास थांबवून पुन्हा एक्स-रे काढला. रिपोर्टला आठ दिवस लागले. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार.

शेंड्यावरच्या अशा गाठीला पॅनकोस्ट ट्यूमर म्हणतात. हेन्री पॅनकोस्ट हे फिलाडेल्फियाचे एक्स-रे तज्ज्ञ, त्यांनी १९२४ मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये तिचं वर्णन केलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी शेकडा पाचांपेक्षाही कमी रुग्णांत ती असते. खोकला नाही, रक्त नाही, दम नाही, कारण गाठ श्वासाच्या वाटेपासून दूर कोपऱ्यात बसलेली. म्हणूनच तिचे रुग्ण आधी हाडांच्या दवाखान्यात महिनेन्‌महिने घालवतात. आणि ज्यांच्या नावानं डोळ्याचं लक्षण ओळखलं जातं ते योहान फ्रीडरिश हॉर्नर स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १८६९ मध्ये लिहिलं ते चाळीस वर्षांच्या एका शेतकरी बाईबद्दल. तिचीही उजवीच पापणी उतरली होती, आणि चेहऱ्याच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसत होत्या. तिला कॅन्सर नव्हता. तरी रात्री वाचताना मला ती बाई आमच्याच भावकीतली वाटली.

जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, पहाटे दादरला उतरून परळला टाटा मेमोरियल. सोबत न्यायच्या गोष्टींत एक सांगून ठेवते: नुसता बायोप्सीचा कागद चालत नाही. मेणात बसवलेला गाठीचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड गावच्या लॅबमधून मागून न्याव्या लागतात, कारण तिथं त्या पुन्हा तपासतात. आम्ही त्या स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून नेल्या. पहिल्या दिवशी फाइल झाली. समाजसेवा विभागात रेशनकार्ड दाखवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं सुरू केली. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथं रात्री व्हरांड्यात बसलं की बिहारपासून बंगालपर्यंतची माणसं दिसायची, प्रत्येकाच्या हातात तशीच पिशवी, त्यात तसेच फिल्मचे मोठे लिफाफे.

तिथंच मला कळलं की डोळ्यानं आधी सांगितलेले आम्ही एकटे नव्हतो. एका बाईंना एका डोळ्यात धुरकट दिसायला लागलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्या दाखवायला गेल्या, तर डोळ्याच्या पडद्यामागच्या थरात गाठ निघाली आणि तिचं मूळ फुफ्फुसात होतं. एका मास्तरांचे डोळे आणि चेहरा सकाळी सुजायचा, शर्टाची कॉलर आवळायची. छातीतली मोठी शीर दाबली गेल्यानं वरचं रक्त खाली उतरत नव्हतं. दोघेही बिडी-सिगारेट न ओढणारे. बाईंनी मला विचारलं, "मग मला का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला. गाठ बाहेर गेली नव्हती. सगळा प्रश्न खांद्याच्या एमआरआयवर आला. तिथल्या सर्जननी बोटांवर समजावलं: हाताला जाणाऱ्या नसांपैकी सर्वांत खालची, टी-१, गाठीनं धरलीय, ती गाठीबरोबर गेली तरी हात चालतो. वरची सी-८ गेली तर मूठ जाते. सी-८ मोकळी दिसत होती. मग त्यांनी अण्णांच्या फाइलमधला तो पहिला, नोव्हेंबरातला खांद्याचा एक्स-रे उजेडापुढं धरला. कोपऱ्यात फुफ्फुसाचा शेंडा आला होता, आणि तो तेव्हाच पांढरा होता. त्यांनी काही न बोलता फिल्म लिफाफ्यात घातली. मी ती घरी आल्यावर कपाटात वर ठेवून दिली, अजून तिथंच आहे.

उपचार ठरले ते आधी किरण आणि केमो एकत्र, मग ऑपरेशन. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, २५ वेळा किरण, एकूण मात्रा ४५ ग्रे. छातीवर आणि मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून अंघोळ कमरेखालीच. सोबत केमोची औषधं, सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड, दोन फेऱ्यांत. सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर मूत्रपिंडाला जपायला तासन्‌तास सलाइन. तिसऱ्या आठवड्यापासून घास गिळताना घशात आग व्हायची. अण्णा ताकभात, तोही गाळल्यासारखा पातळ, खात होते. पण त्याच आठवड्यात एका सकाळी मी जागी झाले तर अण्णा आडवे झोपलेले होते. नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी घोरणं ऐकत तशीच बसून राहिले, मग आईला फोन करून फोन त्यांच्याजवळ धरला.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. पाठीमागून उघडून उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग, तीन बरगड्यांचे तुकडे आणि ती नस काढली. त्या सहा तासांबद्दल मला लिहिता येत नाही. काढलेल्या गाठीत जिवंत पेशी फार थोड्या उरल्या होत्या आणि कडा मोकळ्या होत्या, हे रिपोर्टमधलं वाक्य मात्र मला पाठ आहे.

डोळा परत आला नाही. नस गेली ती गेली. अण्णांची उजवी पापणी अजून तेवढीच खाली आहे, आणि उन्हात अजून अर्धाच चेहरा घामेजतो. करंगळीकडची पकड कमी झालीय, कात्री आता ते डाव्या हातात धरतात, छाटणीला दोन गडी जास्त लागतात. बिडी सुटली. ती सुटताना त्यांनी जे सोसलं ते केमोपेक्षा कमी नव्हतं, असं ते स्वतः म्हणतात. तपासणी आधी तीन महिन्यांनी होती, आता सहा महिन्यांनी. स्कॅनच्या आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही, पण कुणी तसं बोलूनही दाखवत नाही.

माझ्यात एक बदल झालाय. वर्गात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत मी माणसांच्या पापण्या बघते. गेल्या वर्षी शाळेतल्या शिपाईमामांना मी जबरदस्तीनं नेत्रतज्ज्ञाकडं पाठवलं. वयानं सैल पडलेली पापणी निघाली, दोन्ही बाहुल्या सारख्या. मामा आठ दिवस माझ्यावर रुसले होते. चालेल मला.

मोतीबिंदू तसाच राहिला होता. २०२४ च्या दिवाळीनंतर मुंबईच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पुन्हा मिरजेला त्याच बाकावर जाऊन बसलो. या वेळी थेंब घेऊन आलेली मुलगी नवी होती. तिनं अण्णांची हनुवटी वर केली, तसा त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"थांब बाळ," ते म्हणाले. "आधी बाईंना दिवा घालवून बघू दे."